सत्तर की नव्वद

अंजनगावच्या शेतात पडलेली चिंच पाहायला जातो, असं नितेशनं दुकानातल्या माणसाला सांगितलं होतं. खरं तर तो आणि त्याची आई कौशल्या मशीन पाहायला निघाले होते.

मशीन म्हणजे झाडं कापायची पेट्रोलची आरी. श्रावणकाका गेल्यापासून ती अंजनगावच्या कोठीत गोणपाटाखाली पडून होती. अवकाळी वाऱ्यात बांधावरची चिंच मुळासकट उलथली आणि पांदण रस्त्यावर आडवी झाली, तेव्हा काकांच्या किशोरला तिची आठवण झाली. गहू निघायला आला होता आणि चिंचेच्या पलीकडच्या शेतांत ट्रॅक्टर जाईना. भाड्यानं आणलेल्या दोन लहान मशिनींची पाती खोडात अडकून बसली. मग किशोरनं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘बाबांची ही मशीन चालू करायची आहे. अमरावतीचा पार्टवाला मॉडेल विचारून राहिला. बाबा सत्तर नंबर म्हणत, पण पट्टी गळाली. कोणाले पक्कं माहीत आहे का?’

नितेशनं दुकानात गिऱ्हाईक उभं असतानाच उत्तर लिहिलं होतं. ‘नव्वद नंबर. आमच्या बाबांची.’

त्यानंतर ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. सकाळचे सुप्रभातही बंद झाले. शेवटी किशोरचा फोन आला. ‘दादा, आई म्हणते येऊन पाहून जा. मोठ्या आईलेही आण.’

मोठी आई येणार नाही असंच नितेशला वाटलं होतं. वाटणी झाल्यापासून कौशल्यानं अंजनगावच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. श्रावणकाकांच्या तेराव्यालाही नितेश एकटाच गेला होता आणि जेवून लगेच निघाला होता. पण आज ती पहाटे उठून तयार होऊन बसली. अकोट आल्यावर तिनं गाडी थांबवायला लावली.

‘‘केळी घे. चांगली पाहून घे.’’

‘‘आई, आपण पंगतीले चाललो काय?’’

‘‘भांडाले चाललो म्हणून रिकाम्या हातानं जाचं काय?’’

केळीची फणी मांडीवर घेऊन ती पुढं रस्त्याकडं पाहत राहिली. नितेशच्या डोक्यात बाबांचं एकच वाक्य होतं. बाबा, पुंजाजी खारोडे, सगळ्या तालुक्यात मशिनीचा माणूस म्हणून ओळखले जायचे. आवाजावरून कुठं काय बिघडलं ते सांगायचे. भावाशी बिनसलं तेव्हा ते बायकापोरांना घेऊन अकोल्याला जुन्या शहरात आले आणि दुसऱ्याच्या दुकानात नटबोल्ट विकू लागले. त्यांची नव्वद नंबरची मोठी मशीन मात्र श्रावणकाकांच्या सत्तर नंबरच्या मशिनीशेजारी अंजनगावलाच राहिली. कौशल्यानं मागं लागून लागून त्यांना एकदा ती आणायला पाठवलं. ते हात हलवत परत आले. ‘मशीन श्रावणकडं हाय,’ एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले. पुढं कोणी विचारलं की तेच. मरेपर्यंत तेच. श्रावणनं मशीन दिली नाही, मोठ्या भावाची वस्तू दाबली, हे अकोल्याच्या घरात मग कोणाला वेगळं सांगावं लागलं नाही. नितेश ते ऐकतच मोठा झाला.

‘‘आणि ते सत्तर नंबर निघाली तं?’’ कौशल्यानं मध्येच विचारलं.

‘‘नाही निघणार.’’

‘‘अन् निघाली तं?’’

नितेशनं गिअर बदलला. ‘‘मंग माफी मागू.’’

---

किशोरच्या बायकोनं, आरतीनं, ओसरीवर गोणपाट अंथरून पाने, घासलेटचा डबा आणि चिंध्या मांडून ठेवल्या होत्या. ती तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाला शिकवायची, आणि घरात सुट्टीच्या दिवशी अशी कामं तिच्याकडंच यायची. आजचं काम मात्र तिनं मागून घेतलं नव्हतं. ‘तूच मोज,’ असं रात्री नवरा म्हणाला होता. ‘बाहेरचा मिस्त्री नोको. घरातलं घरात राहू दे.’

पाहुणे आले, पाणी झालं. किशोरच्या आईनं, दुर्गाबाईंनी, जावेच्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं, कौशल्यानं हातातली केळी पुढं केली, आणि त्या गडबडीत पाया पडणं राहूनच गेलं. दोघी ओसरीच्या दोन टोकांना बसल्या. नितेश आणि किशोर मशिनीच्या दोन बाजूंना उकिडवे बसले.

‘‘दादा, आधी एक सांगते,’’ आरती म्हणाली. ‘‘कंपनीनं या दोन्ही मशिनी बाहेरून जवळजवळ सारख्याच केल्या. खालचं धड एक, मूठ एक, टाकी एक. नावाची पट्टी असती तर प्रश्नच नव्हता, पण ती गळून गेली. नुसतं पाहून मी सांगू शकत नाही, तुम्हीही सांगू शकत नाही.’’

‘‘मंग कसं कळन?’’

‘‘वरचं सिलिंडर खोलायचं आणि आतलं तोंड मोजायचं. अठ्ठावन्न मिलिमीटर भरलं तर सत्तर. सहासष्ट भरलं तर नव्वद. मधलं काही नाही.’’

किशोर म्हणाला, ‘‘सत्तरच आहे. बाबा नेहमी सत्तरच म्हणायचे.’’

‘‘तुह्या बाबानं काय म्हणाचं होतं मंग?’’ नितेश बोलून गेला. किशोरनं मान वर केली. दुर्गाबाई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या.

आरतीला वाटलं, हे आधीच थांबवलेलं बरं. ‘‘दादा, तुमच्याकडं काही खूण आहे का? मी खोलायच्या आधी सांगा. मागून सांगितलं तर कोणाला पटणार नाही.’’

नितेश तयारीनंच आला होता. ‘‘हाय. सिलिंडरच्या अंगाले थंड व्हायसाठी पाकळ्या असते ना, त्यातल्या एका कोपऱ्यातल्या तुटल्या होत्या. धारणीकडं सागाची फांदी पडली होती मशिनीवर. बाबा लय हळहळत.’’

‘‘आणि आपली खूण?’’ आरतीनं नवऱ्याला विचारलं.

‘‘आपल्याले खूण कशाले पायजे? आपल्या घरात आहे.’’

तिनं वरचं झाकण काढलं. आत भुसा आणि तेल मिळून काळा थर बसला होता, लाकडासारखा घट्ट. खरवडून काढला तेव्हा पाकळ्या दिसू लागल्या. डावीकडच्या कोपऱ्यात तीन पाकळ्या अर्ध्या तुटलेल्या होत्या. तुटल्याच्या कडाही आता जुन्या होऊन गुळगुळीत झाल्या होत्या.

आरतीनं चार बोल्ट सोडवले. सिलिंडर चिकटून बसलं होतं, लाकडी ठोकळा लावून हलकेच ठोकावं लागलं. निघालं तसं तिनं तोंड पुसून व्हर्नियर लावला. एकदा मोजलं, फिरवून पुन्हा मोजलं. वर्गातल्या पोरांना ती नेहमी सांगायची, आकडा पाहिला की मोठ्यानं म्हणा, मनात ठेवू नका. आज तिला तो मनात ठेवावासा वाटला.

‘‘सहासष्ट,’’ ती म्हणाली.

---

किशोरला पहिल्यांदा बाबांचे हात आठवले. ही मशीन उचलताना त्यांच्या मनगटाच्या शिरा फुगायच्या. शिवारातलं एखादं वाळलेलं झाड पाडायचं असलं की लोक श्रावण खारोड्याचं नाव घ्यायचे. अख्खं आयुष्य त्या माणसानं याच मशिनीवर काढलं. ती दुसऱ्याची होती हे त्याला माहीत नसेल, असं तर होऊ शकत नव्हतं.

तो उठून हात धुवून आला. हाताला काही लागलं नव्हतं, तरी धुतले.

‘‘घेऊन जा, दादा,’’ तो म्हणाला. ‘‘आरती, जोडून दे त्याले. चिंचेचं मी पाहीन काही.’’

‘‘मले मशीन नोको होती,’’ नितेश म्हणाला.

‘‘मंग काय पायजे होतं?’’

इतक्या वर्षांत नितेशनं या घडीची पुष्कळदा कल्पना केली होती. त्या कल्पनेत श्रावणकाका समोर असायचे, जिवंत, आणि त्यांना मान खाली घालावी लागायची. आता समोर किशोर होता. लहानपणी सुट्टीत याच किशोरला त्यानं सायकल शिकवली होती, त्याच्या मामाच्या गावी भातकुलीला, नात्यातल्या एका लग्नाला गेले असताना, मोठ्यांच्या नकळत.

‘‘मोठे आई,’’ किशोर कौशल्याकडं वळला. त्याचा आवाज शांत होता. ‘‘तुमी म्हणत होत्या ते खरं निघालं. आमाले माहीत नव्हतं. आई, तुले माहीत होतं काय?’’

दुर्गाबाईंनी नकारार्थी मान हलवली. ‘‘आमची हाय असंच माहीत होतं मले.’’ त्या उठल्या. ‘‘चहा ठेवते.’’

‘‘काकू, चहा नोको,’’ नितेश म्हणाला.

‘‘ठेव,’’ कौशल्या म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदाच जावेशी थेट बोलली होती. ‘‘साखर कमी टाक माह्यात.’’

स्वयंपाकघरात दुर्गाबाईंनी पातेलं गॅसवर ठेवलं आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. नवरा चोर होता, हे आता नातवंडांपर्यंत जाईल. सुनेनंच मोजलं, म्हणजे ‘मोजण्यात चूक झाली’ म्हणायचीही सोय उरली नाही. त्यांना सुनेचा राग येईना. आकडा सांगण्याआधी ती क्षणभर थांबली होती, हे त्यांनी पाहिलं होतं. श्रावणचाही राग येईना. चाळीस-एक वर्षं एका ताटाशी बसून जेवलेला माणूस, त्याला घरातलं मीठ संपलं तरी शेजारून मागायची लाज वाटायची. तो मोठ्या भावाची मशीन दाबून बसेल, हे डोक्यात शिरतच नव्हतं.

कप घेऊन त्या ओसरीवर आल्या, तेव्हा आरती घासलेटात चिंधी बुडवून मशिनीचं खालचं धड पुसत होती. परत द्यायची तर स्वच्छ करून द्यावी, एवढाच तिचा विचार. मागच्या मुठीच्या बुडाशी थर निघाला आणि खालून पिवळं काहीतरी चमकलं. बोटभर रुंदीची पट्टी, दोन बारक्या स्क्रूंनी बसवलेली. पट्टीवर अर्धवट कापलं गेलेलं वेलीचं नक्षीकाम होतं.

दुर्गाबाईंनी कप खाली ठेवले.

‘‘थांब,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे पट्टी माह्या डब्याची हाय.’’

‘‘कोणत्या डब्याची, आई?’’

‘‘रुखवतातला पितळी डबा. झाकण कापलं होतं त्याचं. यायची मशीन टरकातून पडली अन् मुठीपाशी तडा गेला, तवा ठिगळ माराले दुसरा पत्रा भेटला नाही. मी दोन दिवस बोलली नाही यायच्यासंगं.’’ त्या आत गेल्या. आतून डबे सरकवल्याचा आवाज आला, आणि त्या हळदीचा पितळी डबा घेऊन आल्या. त्याला झाकण नव्हतं, स्टीलची ताटली ठेवलेली होती. डब्याच्या काठावर तीच वेल होती.

आरतीनं डबा मशिनीशेजारी धरला. मग तिनं पट्टीखालचं धड नीट पाहिलं. तडा धडाच्या आतपर्यंत गेलेला होता.

‘‘म्हणजे हे खालचं धड बाबांच्या मशिनीचं,’’ ती म्हणाली. ‘‘सत्तरचं. आणि वरचं सिलिंडर मोठेबाबांचं. नव्वदचं.’’

‘‘असं कसं होईन?’’ किशोर म्हणाला.

‘‘होतं. मघाशी म्हटलं ना, दोन्हींचं धड सारखंच. एकाचं दुसऱ्यावर बसतं. एका मशिनीचं सिलिंडर जळलं आणि दुसरीचं धड गेलं, तर दोन्ही मिळून एक चालू मशीन होते.’’

नितेशनं सिलिंडर हातात घेतलं होतं. ‘‘म्हणजे काकानं आमच्या मशिनीतलं काढून आपल्यात बसवलं. तेच झालं ना मंग?’’

‘‘कोण बसवन?’’ दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण आता त्या खाली पाहत नव्हत्या. ‘‘बाबू, तुह्या काकाले पाना धरता ये नाही. प्लग काढासाठी बी मिस्त्री लागे. आमच्याइथं मशीन खोलाचं काम एकाच माणसाचं होतं. भासऱ्याचं, तुह्या बाबाचं.’’

‘‘हे खरं हाय,’’ कौशल्या म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती कप हातात घेऊन होती, चहा प्यायली नव्हती.

‘‘श्रावणभाऊले सायकलची चेन बसवता ये नाही. तुह्ये बाबा हसत त्याले.’’ मग ती जावेकडं वळली. ‘‘दुर्गा, नितेशचे बाबा मशीन आणाले आले होते, तवा तू कुठी होती?’’

‘‘कवा आले होते? माह्यासमोर भासरे कवाच आले नाही.’’

‘‘आले होते. थंडी होती. स्वेटर घालून गेले होते. सकाळी गेले अन् दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. मी म्हटलं, एक दिवसाचं काम अन् दोन दिवस काहून लागले? तं काही बोलले नाही. बाह्या तेलानं भरल्या होत्या. मले वाटलं मारामारी झाली.’’

दुर्गाबाई विचार करत होत्या. ‘‘थंडीत तं मी माहेरी होती. भातकुलीले. किशोरच्या टायमाले.’’

‘‘किशोरच्या टायमालेच,’’ कौशल्या म्हणाली. ‘‘पेढे आले होते तुमच्याइथून. मी फेकून देल्ले. पोरावर राग नव्हता, घरावर होता. तेच थंडी होती ते.’’

किशोर आणि नितेशनं एकमेकांकडं पाहिलं. ते दोन दिवस त्या घरात दोन भाऊच होते, आणि दोन मोडक्या मशिनी. बाकी कोणी नव्हतं. त्यांच्यात काय बोलणं झालं, कोण रुसलं, कोणी भात टाकला, हे आता सांगायला कोणीच उरलं नव्हतं. पण मशीन समोर उघडी पडली होती, आणि तिच्यातलं काम घाईचं किंवा चोरीचं नव्हतं, पुंजाजींच्या सरावलेल्या हातचं होतं. आरतीनं ते मघाशी खोलतानाच पाहिलं होतं: चारही बोल्ट सारखे आवळलेले, सिलिंडर आणि धडाच्या मधला कागदी गास्केट कात्रीनं नीट कापून घरी बनवलेला.

‘‘पण मंग बाबानं सांगितलं काहून नाही?’’ नितेश म्हणाला. ‘‘इतके वर्षं?’’

‘‘सांगत तं होते,’’ कौशल्या म्हणाली.

नितेशनं ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. मशीन श्रावणकडं हाय. बाबांनी ते कधी रागानं म्हटलं होतं का? त्याला आठवेना. जेवताना म्हणायचे, दाढी करताना म्हणायचे, एखाद्यानं विचारलं तर सहज म्हणायचे. नंतरचं सगळं, म्हणजे दिली नाही, दाबली, भावानं भावाचं खाल्लं, हे आजूबाजूचे बोलायचे. बाबा ते खोडायचे नाहीत, एवढंच. खोडलं असतं तर भावाकडं जाऊन आलो, त्याच्यासोबत दोन दिवस राहिलो, हे सांगावं लागलं असतं. आणि ज्या घरातून पाय काढायला बायकोला लावलं, तिला ते कसं सांगणार?

‘‘काकाही नाही बोलले,’’ किशोर म्हणाला. मग स्वतःलाच दुरुस्त केल्यासारखं म्हणाला, ‘‘बाबा म्हणजे. जायच्या आधीपर्यंत मी त्याईले विचारत होतो, मोठेबाबासंगं काय झालं. म्हणत, काही नाही झालं.’’

‘‘हे खरंच असन मंग,’’ नितेश म्हणाला.

किशोर हसला. आवाज न करता, नुसता खाली पाहून.

---

दुपारी जेवणं झाल्यावर दोघं भाऊ पांदणीकडं गेले. पडलेल्या चिंचेवर गावातली पोरं आणि बाया चढून चिंचा तोडत होत्या. झाड यंदा लदलदलं होतं. खोडाचा घेर पाहून नितेश म्हणाला, ‘‘हे आपल्या मशिनीशिवाय नाही होत.’’ आपल्या म्हणाला हे त्याच्या नंतर ध्यानात आलं. किशोरनं ते ऐकलं. पिस्टनच्या रिंगा नव्वदच्या आणि खालच्या बेअरिंगी सत्तरच्या मागवायच्या, असं आरतीनं सांगितलं होतं. रिंगा नितेश अकोल्याहून पाहणार होता, बाकीचं किशोर. चेनला धार कोण लावणार यावर थोडी चर्चा झाली. बाबांची कानस अजून दुकानाच्या खणात आहे, असं नितेश म्हणाला.

परत आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. ओसरीवर मशिनीचे भाग गोणपाटावर तसेच ओळीनं मांडलेले होते, वर फडकं टाकलेलं. पलीकडं दोन पोती चिंच ओतून दोघी जावा समोरासमोर बसल्या होत्या. दुर्गाबाई बत्त्यानं चिंच फोडत होत्या आणि कौशल्या चिंचोके वेगळे काढत होती. आरती आत कुठंतरी फोनवर बोलत होती.

‘‘आई, निघू ना,’’ नितेश म्हणाला. ‘‘अंधाराच्या आत अकोट पार करू.’’

कौशल्यानं वर पाहिलं नाही. बोटांना चिंचेचा गर लागला होता, तो तिनं ताटाच्या काठाला पुसला.

‘‘तू जाय,’’ ती म्हणाली. ‘‘एवढी चिंच एकटीनं कवा फोडन हे?’’

नितेश चपला घालायला ओसरीच्या पायऱ्या उतरला. पाठीमागं बत्त्याचा आवाज थांबला आणि आईचा आवाज आला, त्याच्यासाठी नसलेला, हळू.

‘‘दुर्गा, उद्याले नेसाले एखादं लुगडं दे मले तुह्यं.’’

‘‘कोणतं देऊ?’’

‘‘कोणतं बी चालते.’’